बर्फाखालचं पाणी

२१ सप्टेंबर

मारीच्या तळ्याचा निकाल आज आला. लिटरमागे आठ मायक्रोग्रॅम आर्सेनिक. पिण्याच्या पाण्याची मर्यादा दहा आहे, म्हणजे हे पाणी पिता येईल. नमुना मी स्वतः घेतला होता, नवे हातमोजे घालून आणि बाटली तळ्याच्याच पाण्यानं विसळून. त्यात चूक असण्याचं कारण नाही.

एवढं अहवालात गेलं आहे. बाकीचं इथे लिहिते, कारण अहवालात त्याला रकाना नाही.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख वॉरेन निकाल बघून म्हणाले, "एडना, या वेळी तुझ्या माणसांना तूच सांग. मी बोलायला लागलो की सगळे छताकडे बघत बसतात." यात अतिशयोक्ती नाही. खाण बंद होऊन वर्षं झाली, पण सोन्याचं खनिज भाजणाऱ्या भट्टीच्या धुराड्यातून पन्नास वर्षं आर्सेनिकची जी पांढरी भुकटी उडाली ती अजून आमच्या तळ्यांत आहे. जी उडाली नाही ती जमिनीखालच्या कोठारांत भरून ठेवली आहे. आता तिथे नळ्या पुरून सगळी जमीन कायमची गोठवून टाकायचा प्रकल्प चालू आहे, आमची प्रयोगशाळा त्याच्यासाठीच काम करते. दर वर्षी कोणीतरी दक्षिणेकडून येतं, सगळं ठीक आहे असं सांगतं आणि विमानानं परत जातं. मी कुठे परत जाणार नाही. माझा जन्म इथलाच.

सेलेस्टीन मावशीला फोनवर आकडा सांगितला. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. हा हिवाळा ती मारीच्या तळ्यावरच्या तिच्या केबिनमध्ये काढणार आहे, शहरातल्या फ्लॅटमध्ये तिचा जीव गुदमरतो. सोबत तिची नात नोएला असेल. नोएलाला दिवस गेले आहेत आणि नवरा हिऱ्यांच्या खाणीवर, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी.

"आठ म्हणजे चांगलं की वाईट?" मावशीनं विचारलं.

"चांगलं. दहाच्या आत."

"मग दोन कसले उरलेत?"

मला हसू आलं, पण तिला ते ऐकू जाऊ दिलं नाही.

४ नोव्हेंबर

काल गावच्या हॉलमध्ये निकाल सांगितले. खुर्च्या भरल्या होत्या. मी आमच्या लोकांच्या देने भाषेत बोलले. काही शब्द अडले तिथे मावशीनं पहिल्या रांगेतून पुरवले.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर राहणारे म्हातारे झेफ्रिनकाका उठले. मला ते लहानपणापासून ओळखतात आणि हल्ली 'बाटलीबाई' म्हणतात. "बाटलीबाई, लांबचं सोड. मी सकाळी उठलो, किटली घेतली. काय भरू?"

मी सरळ सांगितलं. तळं गोठलं की भोक पाडायचं आणि खालचं पाणी घ्यायचं. ते तपासलेलं आहे. हिम वितळवायचं नाही, तळ्यावरचा बर्फही नाही.

मावशी म्हणाली, "हिमाला तर आमच्या घरात कुणी हात लावत नाही, पोरी. पण तळ्याच्या मधला निळा बर्फ फोडून चहा केला तर गोड लागतो. मी कायम तसाच करते."

"मावशी, चव म्हणजे तपासणी नव्हे."

हॉलमध्ये हशा पिकला. मावशीही हसली आणि मांडीवरचे हातमोजे नीट एकावर एक ठेवू लागली. झेफ्रिनकाका ओरडले, "सेलेस्टीन, तुला नापास केलं गं." वातावरण मोकळं झालं. वॉरेन नंतर म्हणाले की इतक्या वर्षांत अशी सभा झाली नव्हती.

हिमाबद्दल लिहून ठेवते. मावशी लहान असताना भट्टी जोरात चालू होती आणि तिची भुकटी हिमावर पडायची. एका वसंतात तळ्याकडची वाट चिखलाची झाली म्हणून तिच्या आईनं घरामागचं हिम किटलीत भरलं. मावशीचा धाकटा भाऊ त्या पाण्यानं गेला. त्याचं नाव घरात घेत नाहीत, नुसतं 'लहाना' म्हणतात. हिम वितळवू नका अशी पाटी नंतर लागली. ती इंग्रजीत होती. मला हिमाची भीती वाटते असं मी कुणाला सांगत नाही, पण गोष्ट ऐकल्यापासून मी शाळेतही कधी हिमाचा गोळा तोंडात घातला नाही.

१ डिसेंबर

स्नोमोबाइलवरून मावशीकडे गेले. तळ्यावर बर्फ चांगला धरला आहे. काठाशी कुऱ्हाडीनं पाडलेलं भोक, त्यावर फळी, फळीवर कॅरिबू हरणाचं जुनं कातडं. चहाचा बर्फ फोडायची पहार दाराशेजारी खिळ्याला टांगलेली. तिला हात लागलेला दिसला नाही. मावशीनं माझं म्हणणं अक्षरशः पाळलं आहे.

भोकातून पाणी काढण्याआधी तिनं रीतीप्रमाणे चिमूटभर तंबाखू पाण्याला दिली. सप्टेंबरमध्ये नमुना घेताना मी तिला दूर जाऊन द्यायला सांगितलं होतं, नमुन्यात उतरेल म्हणून. आज ती आपण होऊन माझ्यापासून दूर सरकली.

"आज बाटली नाहीये माझ्याकडे," मी म्हटलं.

"तुझा काय भरवसा. खिशात असेल."

आत मासा, बॅनक रोटी आणि चहा. मी माझ्या थर्मासमधला चहा प्यायले. नमुन्याच्या जागी काही प्यायचं नाही हा कामाचा नियम आहे, आणि नियम एकदा सैल केला की सैलच राहतो. मावशीनं माझ्यासाठी कप मांडला होता. तो तिनं उचलून परत फळीवर ठेवला.

नोएलाला उलट्या होतात. नर्सनं भरपूर पाणी प्यायला सांगितलं आहे. ती मोठा जग भरून उशाशी ठेवते. शिस्तीची मुलगी आहे.

१४ जानेवारी

थंडी इतकी की श्वास घेताना नाक चिकटतं. मावशीकडे रॉकेल पोचवलं. तळ्यावरचा बर्फ आता माझ्या कमरेइतका जाड आहे. भोक रोज फोडून खोल ठेवावं लागतं. मारीचं तळं मुळात उथळ, मधोमध उभं राहिलं तर माझा हात वर राहील एवढंच.

नोएला म्हणाली, "एडना, पाण्याला वास येतो. अंडं कुजल्यासारखा."

"बर्फाखाली हवा पोचत नाही, म्हणून येतो. उकळलं की जातो."

"पण चालेल ना?"

"वासाचा आणि आर्सेनिकचा संबंध नाही."

मावशी चुलीशी होती. "पाणी झोपलंय," ती म्हणाली. "झोपलेल्याच्या तोंडाला वास येतोच." मग हसून, "तुझ्या थर्मासला येतो का गं?"

ती चेष्टा करत होती. तिच्या बोटांना मुंग्या येतात म्हणाली. साखरेमुळे असणार. गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितलं.

१९ फेब्रुवारी

आज भोकातून एक बाटली भरून आणली. आमच्या आखणीत हिवाळ्याचे नमुने नाहीत. वाटेत बाटल्या फुटतात, म्हणून सगळं काम उन्हाळ्यात होतं. मग का आणली? थर्मासची चेष्टा डोक्यात राहिली असेल. एक बर्फाचा तुकडाही आणला, तुलनेसाठी. तो फोडायला मावशीची पहार मागितली.

"कशाला?"

"असंच."

तिनं पहार काढून दिली आणि मी फोडत असताना खिडकीतून बघत राहिली. तुकडा खरंच निळा होता.

२४ फेब्रुवारी

भोकातलं पाणी एकसष्ट. बर्फ एकाहून कमी, यंत्राला जेमतेम दिसेल इतका.

यंत्र स्वच्छ करून परत चालवलं. साठ. बर्फ तसाच.

काय झालं असेल ते मला नीट सांगता येतं, आणि तेच वाईट आहे. पाणी गोठताना विरघळलेलं काहीही बर्फात राहू देत नाही, खाली ढकलतं. उथळ तळ्यात बर्फ जसा वाढतो तसं खाली पाणी कमी उरतं आणि विष तेवढंच. शिवाय तळाच्या गाळात भट्टीची भुकटी बसलेली आहे. बर्फाखाली हवा संपली की गाळ धरून ठेवलेलं आर्सेनिक पाण्यात सोडतो. हवा संपल्याची खूण म्हणजे तो कुजक्या अंड्याचा वास. हे मी कॉलेजात शिकले. त्यावरच्या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते.

नोएलानं मला वास सांगितला होता.

२५ फेब्रुवारी

वॉरेन यांना सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"एकच बाटली?"

"दोनदा चालवली."

"बाटली एकच ना. आखणीबाहेरची. सोबत पडताळणीला शुद्ध पाण्याचा कोरा नमुना नाही, साक्षीदार नाही." ते कठोर नव्हते. "नोव्हेंबरमध्ये तू 'प्या' म्हणालीस, आता एका बाटलीवरून 'पिऊ नका' म्हणणार. उद्या तिसरं काही निघालं तर? तुझ्यावरचा विश्वास एकदा गेला की इथे कोणाचंच कोणी ऐकणार नाही. नीट नमुने घेऊ, बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवू. तीन आठवडे."

"तोवर?"

"तोवर काही सिद्ध नाही."

मी बरं म्हटलं. त्यांच्या म्हणण्यात तर्कदोष नाही. हे वाक्य मी घरी येऊन बऱ्याच वेळा मनात तपासलं. दोष नाही. नोएला सातव्या महिन्यात आहे.

१ मार्च

शहरातल्या नळाचं पाणी मोठ्या कॅनमध्ये भरून मावशीकडे नेलं. प्रकल्पाकडून सगळ्या केबिनना देतायत असं सांगितलं. हे खोटं आहे.

"आणि झेफ्रिनला?" मावशीनं विचारलं.

"त्यांना पुढच्या फेरीत."

मावशीनं घोटभर चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "औषधाचा वास. कुत्र्यांना चालेल."

"नोएला तरी पिऊ दे."

नोएला पलंगावरून म्हणाली, "का? तूच म्हणालीस ना, भोकातलंच चांगलं. तपासलेलं." तिचा जग टेबलावर अर्धा भरलेला होता. "तेवढा दे गं इकडे."

मी जग उचलून तिच्या हातात दिला.

दिला, एवढंच खरं.

२ मार्च

सकाळी यंत्र बंद पडलं, दुरुस्त केलं. जेवले नाही. बर्फाबद्दल विचार करते आहे. नोव्हेंबरमध्ये मी बर्फ नको म्हणाले तेव्हा माझ्याकडे बर्फाचा एकही आकडा नव्हता. मी तो मोजलाच नव्हता. लहान्याच्या गोष्टीतलं हिम माझ्या मनात होतं, आणि मी ते उचलून बर्फावर ठेवलं, अंगावर प्रयोगशाळेचं जाकीट होतं म्हणून ते विज्ञान झालं. वॉरेन यांच्यासारखा बाहेरचा माणूस ही चूक करता ना. तो म्हणाला असता, बर्फाचं माहीत नाही. मावशी पूर्वीसारखा बर्फ वितळवत राहिली असती.

आणि थर्मास. नियम होता, हे खरं. पण जेवण झाल्यावर, केबिनच्या आत, नमुन्याची जागा कुठली? मला संशय होता का? मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नव्हता. मग मी त्यांचं पाणी का प्यायले नाही? कोणतंही उत्तर माझ्या बाजूचं नसेल.

३ मार्च

सांगितलं.

मावशी जाळ्यातले मासे साफ करत होती. नोएला झोपली होती. मी कोट न काढता उभ्यानंच सगळं सांगितलं. आठ, मग एकसष्ट, बर्फ एकाहून कमी, वॉरेन यांचे तीन आठवडे, कॅनचं खोटं. क्रमानं.

मावशीचा सुरा थांबला नाही. मासा पूर्ण झाल्यावर तिनं हात पुसले.

"म्हणजे बर्फ चांगला होता."

"एका तुकड्यावरून असं..."

"एडना."

"हो. चांगला होता."

"आणि तुला आठवडाभर माहीत होतं."

"हो."

"परवा माझ्या पोरीच्या हातात जग दिलास तेव्हा माहीत होतं."

मी हो म्हटलं.

तिनं चुलीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाली, "माझ्या आईनं किटली भरली तेव्हा तिला माहीत नव्हतं. खाणवाल्यांना माहीत होतं. ते आले, टोपी काढून उभे राहिले, काही बोलले नाहीत. ती मरेपर्यंत म्हणायची, मी भरली, माझ्या हातानं भरली. तिच्या वाटणीचं बोलायला कोणी आलंच नाही, म्हणून ती एकटीच बोलत राहिली." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू काय करायला आलीस? मला हळूच सांगून मोकळी व्हायला?"

"तुला आधी सांगावं असं..."

"मला हॉलमध्ये नापास केलंस. आता हॉलमध्येच सांग. झेफ्रिन भोकातलं पितोय, त्याच्या पलीकडचे दोघं पितायत. तीन आठवडे ते काय थर्मास आणणारेत?"

"माझी नोकरी जाईल, मावशी."

"जाऊ शकते," ती म्हणाली, आणि नोएलाच्या उशाचा जग उचलून बाहेर गेली. पाणी हिमावर ओतल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात पहार होती.

निघताना मी विचारलं, नोएलाला उठवू का. मावशी म्हणाली, "तिला मी सांगते. तू आज माझ्या घरात बोललीस तेवढं पुरे."

६ मार्च

झेफ्रिनकाका आणि पलीकडच्या दोन घरांना मावशीनं त्याच दिवशी निरोप दिला होता. तरी सभा बोलावली. वॉरेन यांना आदल्या दिवशी कळवलं. ते म्हणाले, "मी तुला थांबवत नाही, पण प्रकल्पाच्या नावानं बोलू नकोस." म्हणून जाकीट घरी ठेवलं.

या वेळी देने शब्द अडले नाहीत. मी घरून पाठ करून गेले होते. आकडे सांगितले, मग म्हटलं, "बर्फ नको हे मी न मोजता सांगितलं. सेलेस्टीन मावशीचं बरोबर होतं आणि मी तुमच्यासमोर तिचं हसं केलं. चोवीस फेब्रुवारीला मला कळलं आणि तुम्हाला आज सांगते आहे."

कोणी छताकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

झेफ्रिनकाका बसूनच बोलले. "खाणवाले खोटं बोलायचे ते आम्हाला कळायचं, बाटलीबाई. त्यांची भाषाच येत नव्हती, म्हणून विश्वास ठेवायचा प्रश्न नव्हता. तुझी भाषा येते." मग म्हणाले, "माझी म्हातारी कुत्री या हिवाळ्यात गेली. त्यानंच का?"

"मला माहीत नाही, काका. मोजल्याशिवाय सांगता येणार नाही."

"जमिनीत गोठलीय ती. खणू का?"

कोणीतरी हसलं. ते हसत नव्हते.

नोएला मागच्या भिंतीशी उभी होती, नवऱ्याचा मोठा कोट घालून. तिनं विचारलं, "बाळाला काय होईल?"

"बहुतेक काही नाही. एवढ्या थोड्या महिन्यांत, एवढ्या आकड्याला, बहुतेक..." मी थांबले. मला तेच करायचं नव्हतं. "माहीत नाही, नोएला."

सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली. वाटलं, बोलेल. तिनं माझ्या पिशवीतला थर्मास काढला, झाकण उघडलं, उभ्या उभ्या शेवटपर्यंत प्यायली आणि मग तो स्वतःच्या कोटाच्या खिशात घालून निघून गेली.

२० मार्च

नोकरी अजून आहे. बाहेरच्या प्रयोगशाळेचे निकाल आले. भोकातलं पाणी अठ्ठावन्न, बर्फ शून्याच्या आसपास. वॉरेन यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. त्यांनी पुढच्या वर्षीच्या आखणीत हिवाळा घातला आहे. माझं नाव त्यात नाही. ते मीच काढायला सांगितलं.

नोएला शहरात आहे, नर्सच्या जवळ. तिच्या लघवीचा नमुना आमच्याच प्रयोगशाळेत येणार. तो दुसऱ्या कोणी तरी मोजावा असं मी लेखी दिलं आहे. तिला दोनदा फोन केला. तिनं घेतला नाही.

२८ मार्च

मावशीकडे गेले. तिनं बोलावलं नव्हतं. ऊन होतं, बर्फावर डोळे ठरत नव्हते.

ती दारात आली, माझे हात बघितले आणि विचारलं, "बाटली नाही?"

"नाही."

"थर्मास?"

"नोएलाकडे आहे. दुसरा घेतला नाही."

तिनं खिळ्यावरची पहार काढून माझ्या हातात दिली. मी तळ्याच्या मधोमध चालत गेले, वरचं हिम पायानं साफ बाजूला केलं, खालचा मळका थर तासून टाकला आणि निळा लागेपर्यंत फोडलं. मावशी सोबत आली होती. तिनं तंबाखू टाकली, अगदी माझ्या पायाशी. मग बोटं चोळत उभी राहिली. मुंग्या अजून येतात. साखरेमुळे असेल. हे आता मी तिला सांगत नाही.

आत किटली उकळली. तिनं फळीवरून दोन कप उतरवले. मी पूर्ण कप प्यायले, न थांबता, जीभ भाजली तरी. तिनं बघितलं.

"कसा आहे?"

जे होतं तेच म्हटलं. "गोड आहे, मावशी."

ती किटली उचलून आली. चेहरा कोरा होता.

"चव म्हणजे तपासणी नव्हे," ती म्हणाली, आणि कप पुन्हा भरला.